एक माणूस कमी

"एकच. आता एकच माणूस हवंय," ती म्हणत होती. हिरव्या टी-शर्टवर घातलेल्या स्वेटरची बटणं उघडी, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात कार्डांचा गठ्ठा. शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या रिंगखाली तिच्या मागे तीस माणसं उभी होती. एकतीस लागत होती. आणि मी तिच्यापासून दहा पावलांवर, कोट हातावर टाकून, कुठल्याच कोपऱ्यात नसलेली. तिने माझ्याकडे पाहिलं. हाक मारली नाही, हात केला नाही, नुसतं पाहिलं. मी तिच्याकडे बघून हसले, लग्नात लांबच्या नातेवाइकाकडे बघून हसतो तसं, आणि दाराकडे निघाले. पार्किंगमध्ये आल्यावर लक्षात आलं की कोट अजून हातावरच आहे.

ती 3 फेब्रुवारी 2020 ची, सोमवारची रात्र. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली डेमोक्रॅटिक पक्षाची कॉकस. ज्याने ती पाहिलेली नाही त्याला सांगून पटत नाही, पण अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्याची देशातली पहिली पायरी म्हणजे तेव्हा हे होतं: संध्याकाळी सात वाजता शाळेच्या जिममध्ये जायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. पेटी नाही, पडदा नाही, बोटाला शाई नाही. आमच्या प्रिसिंक्टमध्ये, म्हणजे मतदानाच्या प्रभागात, त्या रात्री 201 माणसं आली होती. पंधरा टक्क्यांच्या खाली राहिलेला गट बाद. 201 चे पंधरा टक्के म्हणजे तीस आणि वर थोडं, आणि थोडं माणूस उभं करता येत नाही म्हणून एकतीस. मोजणी शाळेतल्या कवायतीसारखी, प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. मी जो बायडन यांच्या कोपऱ्यात होते. 'सतरा' म्हणताना माझा आवाज चिरकला. आम्ही एकवीस भरलो आणि बाद झालो. मग पंधरा मिनिटं दिली. बाद झालेल्यांनी हवं तर दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, नाहीतर घरी. जे गट टिकले त्यांना जागचं हलायला बंदी. त्यामुळे त्या पंधरा मिनिटांत आम्हा बाद लोकांना जो भाव आला तो मला आयुष्यात कधी आलेला नाही. कुणी कुकी पुढे करतंय, कुणी खांद्यावर हात ठेवतंय. फरशीला नुकतंच मारलेलं पॉलिश, ओल्या बुटांचा वास, आणि पीट बुटिजेज यांच्या गर्दीतून येणारा टाळ्यांचा ठेका. आमच्यातले काही तिकडे गेले. काही मिनेसोटाच्या सिनेटर एमी क्लोबुशार यांच्या कोपऱ्यात, म्हणजे माझ्या शेजारणीच्या कोपऱ्यात गेले. तिथे तीस झाले.

मी घरी आले आणि दहीभात खाऊन झोपले.

त्या रात्री निकाल लागलाच नाही. मोजणी कळवायला आणलेलं अॅप बिघडलं, हेल्पलाइनचा फोन लागेना, आणि सगळं जग आयोवाला हसलं. पुढे कधीतरी कळलं की बुटिजेज आणि बर्नी सँडर्स यांच्यात केसाचं अंतर होतं, माझे बायडन चौथे आणि तिची एमी पाचवी. म्हणजे मी त्या कोपऱ्यात गेले असते तरी काही घडणार नव्हतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता त्याचा पाढा झालाय. पण तिचं ते बघणं जात नाही.

आमची ओळख कुंपणाची. आम्ही डी मॉइनच्या पश्चिमेला हे घर घेतलं तेव्हा ती आधीपासूनच तिथे होती. गणिताची निवृत्त शिक्षिका, नवरा गेलेला, मुलगी दूरच्या राज्यात. मी तिला नावाने हाक मारते आणि इतकी वर्षं झाली तरी प्रत्येक वेळी जीभ किंचित अडते. आईच्या वयाच्या बाईला नुसतं नाव घेऊन बोलवायचं म्हणजे चप्पल घालून देवघरात गेल्यासारखं वाटतं. अण्णा फोनवर विचारतात, "तुझी ती म्हातारी बरी हाय का?" 2019 च्या मे महिन्यात मी शपथ घेऊन नागरिक झाले त्या दिवशी ती रुबार्बच्या आंबट देठांचा पाय, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, घरी करून घेऊन आली. त्यावर काडीला चिकटवलेला छोटा झेंडा, आणि एक पिवळं पॅड. पॅडवर उभ्या-आडव्या रेघा मारून तिने उमेदवारांची नावं लिहिली होती. तेव्हा उमेदवार वीसच्या वर होते. "आता तुला गृहपाठ आहे," ती म्हणाली.

आयोवातली माणसं या बाबतीत लाडावलेली होती. त्यांना उमेदवार टीव्हीवर बघून चालत नसे. 'ती मला दोनदाच भेटलीय, अजून काही ठरवलं नाही,' हा तिकडे विनोद म्हणून सांगतात, पण मी तो हॉटेलात शेजारच्या टेबलावर गंभीर चेहऱ्याने बोललेला ऐकलाय. ऑगस्टमध्ये स्टेट फेअर. एकीकडे लोण्याची पूर्ण आकाराची गाय काचेच्या थंड खोलीत उभी, दुसरीकडे काडीला लावलेलं डुकराचं मांस, आणि मधल्या रस्त्याने घामाघूम झालेला कुणी सिनेटर हात मिळवत चाललेला. सुरुवातीला मला ते आपल्याकडच्या जत्रेसारखं वाटलं. मग लक्षात आलं की जत्रेत पुढारी येतो तेव्हा आपण बाजूला होऊन वाट देतो. इथे ही बाई वाट अडवून उभी राहायची आणि इन्सुलिनच्या किमतीवर प्रश्न विचारायची. उत्तर आवडलं नाही तर पॅडवर त्याच्यासमोर उणे खूण करायची, त्याच्या देखत.

मी तासगावकडची. आमच्याकडे निवडणूक आली की ओसरीवर चहाचे कप वाढत. सकाळी एक पार्टी, दुपारी दुसरी, आणि अंधार पडल्यावर तिसरी, जिचा चहा आई जरा जास्त साखर घालून करायची कारण ते नात्यातले. अण्णा प्रत्येकाला म्हणायचे, "आता सांगाय लागतंय व्हय? तुमचंच हाय की." निघताना प्रत्येकजण समाधानाने मिशीवरून हात फिरवायचा. एकदा आईने विचारलं, मग घातलं कुणाला? अण्णा म्हणाले, "पेटीला ठावं." यात अण्णांना लबाडी वाटत नसे. गावात राहायचं, ऊस त्याच कारखान्याला घालायचा, पोरीच्या लग्नाला त्याच लोकांच्या गाड्या मागायच्या, तर तोंडावर नाही कशाला म्हणायचं? आमच्या घरात नकारासाठी वेगळा शब्दच नव्हता. 'बघू' म्हणायचं. बघू म्हणजे नाही. सहलीला जाऊ का? बघू. हे अख्ख्या महाराष्ट्राला कळतं.

आयोवात कळत नाही. ऑक्टोबरात पानं गोळा करताना शेजारीण म्हणाली, "मग? एमीसाठी येशील ना?" मी म्हणाले, "वी विल सी." तिने पॅडवर माझ्या नावासमोर अर्धी बरोबरची खूण केली असणार.

वादचर्चा बघायला मी तिच्याकडे जायचे. वादचर्चा हा शब्द मला फारसा आवडत नाही, पण डिबेटला आपल्याकडे दुसरा चालू शब्द नाही. वादविवाद म्हटलं की शाळेतली स्पर्धा आणि 'अध्यक्ष महाशय' आठवतं. पहिली मायामीत झाली, जूनमध्ये, दोन रात्री, दहा-दहा उमेदवार. दुसऱ्या रात्री, 27 तारखेला, कमला हॅरिस मान वळवून थेट बायडन यांच्याशी बोलायला लागल्या. काळ्या आणि गोऱ्या मुलांना एका शाळेत आणण्यासाठी बसने ने-आण करायच्या त्या जुन्या प्रकरणात सत्तरच्या दशकात बायडन विरोधात होते; आणि कॅलिफोर्नियात एक लहान मुलगी रोज तशाच बसने शाळेत जात होती. "ती लहान मुलगी म्हणजे मीच." शेजारणीच्या हातातला पॉपकॉर्नचा वाडगा तसाच राहिला. बायडन यांनी उत्तर द्यायला सुरुवात केली, मध्येच थांबले आणि म्हणाले, माझी वेळ संपली. टीव्हीवर एवढी माणसं असताना त्या वाक्याने खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. थोड्याच तासांत ते 'लहान मुलगी' वाक्य छापलेले टी-शर्ट हॅरिस यांच्या प्रचाराच्या साइटवर विकायला आले. मला त्याचं हसू आलं, आणि मग ज्या झपाट्याने आलं त्याचं थोडं वाईटही वाटलं. जखम खरी असेल, पण शर्ट आधी छापून ठेवायला लागतात.

त्या रात्री मात्र मी घरी जाताना हवेत होते. मराठी मंडळाच्या ग्रुपवर लगेच सुरू झालं होतं. एकजण म्हणे ती आपली, दुसरा म्हणे कसली आपली, आई तमिळ आणि स्वतःला ब्लॅक म्हणवते, तिसऱ्याने इडलीचा फोटो टाकला. मी काही लिहिलं नाही. मला ती आपली वाटली नव्हती, तसं काही मला नेमकं सांगताही आलं नसतं. बर्कलीला शिकायला आलेल्या एकट्या बाईची ती मुलगी, आणि माझा मुलगा शेजारच्या खोलीत पिवळ्या स्कूल बसचं चित्र रंगवत बसलेला. एवढंच.

सप्टेंबरात वॉटर वर्क्स पार्कात स्टेक फ्राय होता. सतरा उमेदवार एका मैदानात, मांस भाजण्याच्या धुरात. कमला हॅरिस ढोलवाल्या मुलांबरोबर नाचत आत आल्या. मी टाचा उंच करून बघत होते. शेजारीण माझ्या बाजूला, डोक्यावर कापडी हॅट. ती म्हणाली, "मला ती आवडते. खरंच आवडते. पण ती जिंकायची नाही. इथली माणसं..." आणि तिने हाताने समोरचं सगळं मैदान, पलीकडची झाडं, त्यापलीकडचा मका, असं सगळं दाखवलं. "इथे मिनेसोटाचं माणूस लागतं. आमच्यासारखं बोलणारं."

मी म्हणाले, "खरंय."

हे एवढंच झालं. तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. ती अंदाज सांगत होती, हवामानाचा सांगावा तसा. पण 'इथली माणसं' म्हणताना तिचा हात माझ्या डोक्यावरून गेला होता, आणि मी त्या माणसांत धरले गेले की नाही हे मला कळलं नाही. विचारायला हवं होतं. तीन शब्दांचा प्रश्न होता. त्याऐवजी मी मान डोलावली, शिजवलेलं मक्याचं कणीस घेतलं, आणि ते वाक्य आत कुठेतरी फडताळात ठेवून दिलं, लोणच्याची बरणी ठेवावी तसं. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही की अंदाज माझाही तोच होता. कमला यांच्यासाठी मी एक दारही वाजवलं नाही, एक डॉलर दिला नाही. पुढे बायडन यांच्या कोपऱ्यात उभी राहिले ती सुद्धा हेच गणित करून, की हा माणूस इथल्या माणसांना चालेल.

नोव्हेंबरात हॅरिस थँक्सगिव्हिंगसाठी डी मॉइनमध्येच राहिल्या, सगळी भिस्त आयोवावर ठेवून. त्याच आठवड्यांत आमच्या फोनवर वेगळाच खेळ रंगला होता. 22 नोव्हेंबर, शुक्रवारची रात्र, सव्वाआठचा सुमार, जेवणं उरकत होती. शेजारीण माझा डबा परत द्यायला आली, आत तिने केलेला केक. डबा रिकामा परत द्यायचा नाही एवढं ती माझ्याकडून शिकली होती. मी ओट्याशी फोन घेऊन उभी. मुंबईत शनिवारची सकाळ आणि राजभवनात शपथविधी. महिनाभर जे एकत्र येणार म्हणून वाचत होतो ते कुठेच नव्हते आणि भलतेच दोघे शपथ घेत होते. "काय झालं?" तिने विचारलं. मी अर्धा तास समजावलं. कुणी कुणाबरोबर निवडणूक लढवली, कुणाच्या विरोधात, आणि आता कोण कुणाशेजारी उभं आहे. तिने खरोखर कागद मागून घेतला, बाण काढले, खोडले. शेवटी म्हणाली, "म्हणजे हा दुसरा, हा रनिंग मेट?" रनिंग मेट म्हणजे अध्यक्षपदाच्या उमेदवाराने उपाध्यक्षपदासाठी घेतलेला जोडीदार. मी म्हणाले, "तसंच काहीसं. उपमुख्यमंत्री." चार दिवसांनी ते सरकार पडलं. ऐंशी तास, मी कुंपणावरून सांगितलं. ती म्हणाली, "ऐंशी तास? ईगलटन तरी अठरा दिवस टिकला."

मग मला ईगलटन ऐकावा लागला. 1972 साली ती एकोणीस वर्षांची होती, आणि अठराव्या वर्षी मत द्यायचा हक्क मिळाल्यानंतरची ती पहिलीच अध्यक्षीय निवडणूक. डेमोक्रॅटिक उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी घाईघाईत सिनेटर टॉमस ईगलटन यांना उपाध्यक्षपदासाठी जोडीला घेतलं. मग बाहेर आलं की त्यांना नैराश्यासाठी विजेचे झटके देऊन उपचार केले होते. मॅकगव्हर्न म्हणाले, मी त्यांच्या पाठीशी हजार टक्के आहे. आणि अठराव्या दिवशी त्यांना उतरवलं. "मला ते हजार टक्के अजून आठवतात," ती म्हणाली. "मी गणित शिकवायचं ठरवलं त्यामागे ते पण असेल." त्या वर्षी मॅकगव्हर्न यांना पन्नासातलं एकच राज्य मिळालं, मॅसॅच्युसेट्स, आणि वर राजधानी. ती चिडून सांगत होती, सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर, कुंपणाची फळी घट्ट धरून. ईगलटनवर तिचा राग नव्हता. लपवाव्या लागलेल्या आजाराबद्दल ती हळू आवाजात बोलली, आणि मला वाटलं तिथे तिच्या घरचं काहीतरी आहे. मी विचारलं नाही. हेही विचारलं नाही.

डिसेंबरच्या 3 तारखेला हॅरिस शर्यतीतून बाहेर पडल्या. पैसे संपले होते. आयोवात एक मतही पडण्याआधी. शेजारणीने मेसेज केला, 'सॉरी.' मी अंगठा पाठवला. आणि महिनाअखेरीला मुंबईत पुन्हा शपथविधी झाला, तेव्हा अण्णांचा फोन आला. ते हसत होते, खोकत होते. "बघ बाय, मुख्यमंत्री बदलला, उपमुख्यमंत्री त्योच!"

तर 3 फेब्रुवारीला माझ्या पायांत हे सगळं होतं. त्या रात्री मी स्वतःला सांगितलं की मुलगा वाट बघत असेल. मुलगा त्याच्या बाबाबरोबर घरी मजेत होता. खरं म्हणजे माझ्या मनात आलं होतं, आता बघ कसं वाटतं. एवढ्या स्वच्छ शब्दांत नाही आलं, पण आलं. इथली माणसं कमी पडली ना? एकच कमी पडलं ना?

त्यानंतर जे झालं ते इतकं भराभर झालं की रुसायलाही सवड मिळाली नाही. नेवाडातल्या वादचर्चेत बुटिजेज यांनी क्लोबुशार यांना मेक्सिकोच्या अध्यक्षांचं नाव आठवलं नाही यावरून टोचलं, तेव्हा त्या म्हणाल्या, तू मला मूर्ख म्हणतोयस का? त्यानंतर दोन आठवडेही झाले नसतील, 2 मार्चला दोघांनी डॅलसमध्ये एकाच संध्याकाळी बायडन यांना पाठिंबा दिला. म्हणजे माझी शेजारीण महिन्याभरात माझ्याच कोपऱ्यात आली, एकही पाऊल न टाकता. हॅरिसही आल्या. 15 मार्चला बायडन आणि सँडर्स प्रेक्षक नसलेल्या स्टुडिओत, हस्तांदोलनाऐवजी कोपराला कोपर लावून बोलायला उभे राहिले, आणि बायडन यांनी जाहीर केलं की मी उपाध्यक्षपदासाठी स्त्रीच निवडणार. ती वादचर्चा आम्ही आपापल्या घरी पाहिली. तोवर सगळं बंद व्हायला लागलं होतं.

मग उन्हाळाभर कुंपणाच्या दोन बाजूंना मास्क लावून आमचा एकच विषय: कोण? तिची यादी, माझी यादी. एमी तिच्या यादीत पहिली, अर्थातच. मेच्या शेवटी मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांना पोलिसांनी मारलं, आणि क्लोबुशार त्याच काउंटीच्या एकेकाळच्या सरकारी वकील. त्यांनी तेव्हा काय केलं, काय केलं नाही हे लोक विचारायला लागले. 18 जूनला त्यांनी आपलं नाव मागे घेतलं. म्हणाल्या, मी बायडन यांना सांगितलंय की ही वेळ गोऱ्या नसलेल्या स्त्रीची आहे. त्या संध्याकाळी शेजारीण बागेत पाणी घालत होती. पाइप एकाच गुलाबावर धरलेला, खाली तळं झालेलं. "बरोबर केलं तिने," एवढंच म्हणाली. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्या बुडालेल्या गुलाबाकडे बघून ते जमलं नाही.

रनिंग मेट हा शब्द मूळचा घोड्यांच्या शर्यतीतला, मुख्य घोड्याला वेग मिळावा म्हणून त्याच तबेल्यातून सोडलेला जोडीचा घोडा. मी अण्णांना सांगितलं तर त्यांना घोडा पटला नाही. ते म्हणाले, बैलजोडी म्हण की, काँग्रेसचं चिन्हच हुतं ते. आणि मग त्यांचं बैलपुराण सुरू झालं. नवा बैल जुन्याशेजारी जुंपतात, पहिले आठ दिवस दावणीला शिंगं लावतात, लावू द्यायची, मध्ये पडायचं न्हाय. "शिंगं लावत न्हाय, गप उभा ऱ्हातो, तसल्या बैलाचं भ्या धरावं. त्यो शिवारात जू टाकतो." अण्णांनी बैल विकून वीस वर्षं झाली होती, त्यामुळे मी ते फारसं मनावर घेतलं नाही. निदान तेव्हा नाही.

जुलैच्या अखेरीला एक फोटो सगळीकडे फिरला. विल्मिंग्टनच्या कार्यक्रमात बायडन यांच्या हातातल्या टिपणाचा, लांबून काढलेला. वर हॅरिस यांचं नाव आणि खाली मुद्दे. पहिलाच मुद्दा: मनात अढी नको. बातम्यांत त्यावर राजकीय अंदाज चालले होते. मी मात्र त्या कागदाकडेच बघत राहिले. एवढा मुरलेला माणूस, पन्नास वर्षं राजकारणात, आणि त्याला हे लिहून घ्यावं लागतं. दूध, अंडी, अढी नको. त्यांच्या पत्नी जिल बायडन यांनी मायामीतला तो घाव पोटात गुद्दा बसल्यासारखा होता असं मार्चमध्ये बोलून दाखवलं होतं. निदान बोलून दाखवलं होतं.

10 ऑगस्टला, सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला आयोवावर डेरेचो आला, म्हणजे सरळ रेषेत सुसाटत जाणारं वादळ. हा शब्दही आम्हाला त्याच दिवशी कळला. भर दिवसा अंधार झाला, रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले, आणि मग वारा असा आला की तो थांबेपर्यंत आम्ही तिघं तळघरात एकमेकांचे हात धरून बसलो. वर आलो तेव्हा शेजारणीच्या मेपलची मोठी फांदी कुंपण मोडून माझ्या टोमॅटोंवर आडवी पडली होती. वीज गेलेली. सीडर रॅपिड्सचे हाल आमच्याहून कितीतरी वाईट होते, आणि शहराबाहेरचा मका कुणीतरी कंगव्याने भांग पाडावा तसा एका दिशेला झोपलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिच्या ड्राइव्हवेत गाडी चालू ठेवून बसली होती, फोन चार्ज करायला. चारही काचा खाली. माझाही फोन तिनेच लावून घेतला होता. मी बाहेर, मास्क हनुवटीवर, हातात करवत. फांदी कापायला लागून तास झाला होता आणि मी अर्धीही कापली नव्हती. तीन वाजून गेल्यावर रेडिओवर बातमी आली. कमला हॅरिस. शेजारणीने स्टिअरिंगवर हात आपटला आणि हॉर्न वाजला. समोरच्या घरातून कुणीतरी डोकावलं. ती रडत होती, हसत होती, चष्मा काढून स्वेटरला पुसत होती. "मी म्हटलं होतं ती जिंकणार नाही," ती म्हणाली. "आठवतंय? ते मैदान?"

आठवतंय, मी म्हणाले.

रेडिओवर एका गाद्यांच्या दुकानाची जाहिरात लागली. ती संपेपर्यंत आम्ही दोघी गप्प. मग तिने रेडिओचा आवाज कमी केला आणि समोर बघतच म्हणाली, "एकतीस लागत होती."

"मुलाला आणायचं होतं," मी म्हणाले. अण्णांची मुलगी.

तिने तीस वर्षं वर्गात सबबी ऐकल्या होत्या. "हं," म्हणाली. मग म्हणाली, माझ्या फ्रीजमधलं दूध ने, संध्याकाळपर्यंत नासेल. अर्ध्या गॅलनचा तो जड कॅन मी घेऊन आले. आमची शेगडी विजेची, म्हणून अंगणातल्या ग्रिलवर कोळसे पेटवले आणि पातेलं ठेवलं. आलं ठेचलं, चहा टाकला. दुधाला धुराचा वास लागला होता, लग्नाच्या मांडवामागच्या चुलीवरच्या चहासारखा. तुटलेल्या कुंपणातून दोन स्टीलचे पेले घेऊन गेले तेव्हा ती अजून गाडीतच होती. मी पेला खिडकीतून आत दिला. तिने तो टोकाला धरला, चटका बसला तसा दुसऱ्या हातात घेतला.

"मुलगा घरीच होता त्या रात्री," मी म्हणाले.

"ठाऊक आहे. जिमकडे जाताना तुझ्या खिडकीत बापलेक दिसले होते." तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "यात साखर किती घातलीस?"